‘बान्योल’ राहू दे, आधी ‘न’ सोड

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा सांगलीचा. पुण्यात इंजिनिअरिंग करता करता फ्रेंचचा क्लास लावला, बी-टू पातळीची परीक्षा पास झालो आणि मास्टर्ससाठी ल्यों शहरात आलो. सध्या एका कंपनीत इंटर्नशिप करतोय, ज्याला इथे ‘स्ताज’ म्हणतात. सुरुवातीलाच जेवणाच्या टेबलावर एक सहकारी हसत म्हणाला, ‘त्यू पार्ल कॉम अँ लिव्र’, म्हणजे तू पुस्तकासारखं बोलतोस. सगळे हसले. मला लागलं. मग मी रॅप ऐकायला लागलो, मालिका पाहिल्या, शब्दांची यादीच केली. गाडीला बान्योल, कामाला बुलो, पैशाला फ्रिक, विचित्र वाटेल त्याला शलू. टेबलावरची मंडळी खूश! पण त्याच भरात मी माझ्या वरिष्ठ बाईंना ईमेल लिहिला: ‘साल्यू मादाम, जे फिनी ल बुलो. ल फिशिए एते शलू, मे सा मार्श.’ (हाय मॅडम, काम उरकलं. फाइल विचित्रच होती, पण चालतेय.) त्यांनी उत्तरात पुढचं काम सांगितलं आणि खाली एक ओळ लिहिली, ‘आपण ऑफिसात आहोत, हे लक्षात असू द्या.’ तेव्हापासून मीटिंगमध्ये तोंड उघडायची हिंमत होत नाही. पुस्तकी बोललो तर हसतात, बोली बोललो तर सुनावतात. मी नक्की कुठली फ्रेंच बोलू?

– अधांतरी, ल्यों

प्रिय अधांतरी,

आधी पुढच्या मीटिंगमध्ये तोंड उघड. काहीही बोल, पण बोल. इंटर्न गप्प बसला की त्याची भाषा कच्ची आहे असं कोणी म्हणत नाही, त्याला कामात रस नाही असं म्हणतात, आणि तो शिक्का पुसायला फार जड जातो.

त्या ईमेलबद्दल माफीबिफी मागायला जाऊ नकोस. बाईंनी एका ओळीत सांगितलं आणि पुढचं काम दिलं, म्हणजे त्यांच्या लेखी विषय संपला. पुढचा ईमेल नीट गेला की त्यांनाही कळेल की तुला कळलं.

आता मूळ प्रश्न. तुझ्या डोक्यात दोनच फ्रेंच आहेत, एक क्लासातली आणि एक कट्ट्यावरची. या दोन्हींच्या मध्ये एक भलीमोठी फ्रेंच पसरलेली आहे. डॉक्टर, प्राध्यापक, बेकरीवाली, तुझ्या वरिष्ठ बाई आणि तुझ्यावर हसलेला तो सहकारी, सगळे दिवसाचा बहुतेक वेळ तिच्यातच बोलतात. तू त्या टेबलावरून उठलास तो थेट तिला ओलांडून पलीकडे गेलास.

फ्रान्सच्या शाळांत मुलांना भाषेच्या पातळ्या शिकवतात. सूत्न्यू म्हणजे जपून, नटवून वापरलेली भाषा, कुराँ म्हणजे रोजची, कुठेही चालणारी, आणि फामिलिए म्हणजे घरातली, मित्रांतली. त्याच्याही खाली व्युल्गेर म्हणजे शिवराळ, तिचं वेगळं सांगते. पुस्तकाला सूत्न्यूमध्ये उव्राज, कुराँमध्ये लिव्र, फामिलिएमध्ये बुकँ. जेवण्याला स रेस्तोरे, मांजे आणि बूफे. बूफेची चव आपल्या ‘हादडणं’च्या जवळची. गाडीला व्वात्युर म्हणतात आणि तुझं ते बान्योल. आता मला सांग, तू जेवणाच्या टेबलावर गाडीला व्वात्युर म्हणालास म्हणून तो सहकारी हसला असेल? शक्यच नाही. तो स्वतःही दिवसभर व्वात्युरच म्हणतो. सगळा फ्रान्स म्हणतो.

तो हसला तुझ्या वाक्यांना. पैज लावायला तयार आहे, तू ‘ज न से पा’, मला माहीत नाही, असं म्हणाला असशील, अगदी ‘न’सकट, एकेक अक्षर सुटं करून. किंवा ‘नू झालों’, आम्ही जातो. किंवा ‘सला न म देराँज पा’, त्याचा मला त्रास नाही. व्याकरणाच्या वहीत तिन्ही वाक्यांना पैकीच्या पैकी. पण जेवताना असं कोणी बोलत नाही.

मराठीतच बघ ना. ‘मी जात आहे’ हे वाक्य शुद्ध आहे, पण तू आईला फोनवर कधी म्हणालास, ‘आई, मी जेवत आहे’? ‘जेवतोय’ म्हणतोस. विद्यापीठातले मराठीचे विभागप्रमुखही ‘जेवतोय’च म्हणतात. ‘केले आहे’चं ‘केलंय’ होतं आणि त्यात शिवराळ किंवा उथळ काहीच नसतं. फ्रेंचमध्ये नकाराचा ‘न’ गळतो तो असाच. ‘ज न से पा’चं ‘ज से पा’ होतं आणि भरभर बोलताना ‘शे पा’. ‘से पा ग्राव्ह’, काही हरकत नाही. ‘जे पा काँप्री’, कळलं नाही मला. लिहिताना ‘न’ हवाच, बोलताना त्याला सुट्टी. रेडिओवर फ्रान्स-अँतेरच्या मुलाखती ऐक. लेखक, मंत्री, शास्त्रज्ञ, कोणीही बोलण्याच्या ओघात असला की ‘न’ गाळतो, आणि कागदावरून वाचायला लागला की तो ‘न’ परत येतो. एकाच माणसाच्या तोंडी, एकाच कार्यक्रमात. एकदा कान तिकडे लागला की मजा येते.

‘न’नंतरचं काम म्हणजे ‘नू’च्या जागी ‘ऑं’. ‘नू झालों’ऐवजी ‘ऑं व्हा’. क्रियापद एकवचनी होतं, त्यामुळे रूपंही सोपी. ‘ऑं नी व्हा?’ म्हणजे ‘निघूया?’. वर्गात शिक्षक ‘ऑं व्हा कोमाँसे’ म्हणूनच तासाला सुरुवात करतात. तसंच ‘सला’चं ‘सा’ कर. ‘सला’ कागदावर शोभतं, तोंडात ‘सा’. ‘त्यू आ’चं ‘ता’, ‘इल य आ’चं नुसतं ‘या’. हे तिसरं टोळक्यातल्यांनाच चालतं असं नाही, पण लिहू मात्र नकोस.

प्रश्न विचारण्याकडे थोडं जास्त लक्ष दे, कारण आपल्याकडून जाणारी मुलं तिथे हमखास पुस्तकी वाटतात. ‘तुम्ही कुठे राहता?’ हे फ्रेंचमध्ये तीन तऱ्हांनी विचारता येतं. ‘ऊ आबिते-व्हू?’ ही क्रियापद उलटवलेली तऱ्हा क्लासात आधी शिकवतात कारण ती सुबक आहे. ‘ऊ एस्क व्हूज़ाबिते?’ ही मधली. ‘व्हूज़ाबिते ऊ?’ ही सगळ्यात सैल, प्रश्नार्थक शब्द शेवटी. पहिली तऱ्हा लेखी पत्रात आणि फार औपचारिक प्रसंगी. बोलताना दुसरी नि तिसरी. नवीन इंटर्नने कॉफीच्या मशीनपाशी कोणाला ‘ऊ आबिते-व्हू?’ विचारलं, तर समोरच्याला सरकारी चौकशीला बसल्यासारखं वाटेल.

आणि ‘व्हूज़ाबिते ऊ?’ या वाक्यात ‘व्हू’ आहे बरं का, आदरार्थी. बहुतेकांचा घोळ होतो तो इथेच. ‘व्हू’ म्हटलं म्हणजे बाकी सगळं वाक्य सोवळ्यात गुंडाळायचं, असा समज असतो. ‘अहो, कुठे निघालात?’ यात आदर आहे आणि वाक्य सैलही आहे. शेजारच्या काकांना आपण ‘आपण कोठे निघाला आहात?’ असं विचारत नाही. बाईंना ‘व्हू’ म्हणत राहा आणि वाक्य मोकळं ठेव. ‘व्हूज़ाव्हे पा अँ स्तिलो?’, तुमच्याकडे पेन नाहीये का? पूर्ण आदर, पूर्ण रोजची भाषा. उलट बाजूनेही तेच खरं. टेबलावरच्या मित्रांशी ‘त्यू’वर असलास म्हणून प्रत्येक वाक्यात बान्योल कोंबायला हवा असं कुठे आहे? सर्वनाम एक, शब्द दुसरं आणि वाक्याची ठेवण तिसरं. तिन्ही स्वतंत्रपणे सैल-घट्ट करता येतात.

‘व्हू’वरून ‘त्यू’वर कधी यायचं ते सहसा वयाने किंवा हुद्द्याने मोठा असेल त्याने सुचवायचं. ‘ऑं प स त्युत्वाये?’, अरे-तुरे करूया का, असं तो स्पष्ट विचारतो. एकदा विचारलं नि तू हो म्हटलंस की मग मागे वळून ‘व्हू’ म्हणायचं नाही, तो दुरावा समजला जातो. आपल्याला वरिष्ठांना ‘त्यू’ म्हणणं जिवावर येतं, ते मला ठाऊक आहे. पण विठ्ठलाला आपण तूच म्हणतो ना? फ्रेंच माणूसही प्रार्थनेत देवाला ‘त्यू’ म्हणतो. बऱ्याच कंपन्यांत, विशेषतः छोट्या आणि नव्या, संचालकापासून सगळे ‘त्यू’वर असतात. विद्यापीठातले प्राध्यापक, घरमालक, बँक आणि निवास परवान्यासाठी प्रेफेक्त्युर या सरकारी कचेरीच्या खिडकीवर मात्र ‘व्हू’, डोळे झाकून.

आता तुझी यादी.

बुलो सगळ्यात निरुपद्रवी. तुझ्या बाई स्वतः कॉफी पिताना ‘जे त्रो द बुलो’, फार काम आहे, म्हणत असतील. बुकँही तसाच. फ्रिक थोडा रांगडा. पैशाला तर फ्रेंचमध्ये बोली शब्दांचा सुकाळ आहे: फ्रिक, पोन्यों, त्युन, शिवाय ब्ले म्हणजे गहू आणि ओझेय, म्हणजे आपल्या चुक्याच्या जातीची आंबट पालेभाजी. ऐकायला मौजेचे आहेत, पण पगाराची बोलणी करताना ‘सालेर’ आणि ‘आर्जाँ’ एवढेच पुरेत.

शलूचं गणित वेगळं आहे. तो ‘वेर्लाँ’मधला शब्द. फ्रेंचमध्ये ‘लाँव्हेर’ म्हणजे उलटं. त्याचेच तुकडे उलटे लावले की झालं वेर्लाँ. लूश म्हणजे संशयास्पद, उलटा केला की शलू. फू (वेडा) याचा उफ, फेत (पार्टी) याचा तफ, फाम (बाई) याचा मफ, फ्लिक (पोलीस) याचा कफ. आपल्याकडे शाळेत मुली ‘च’ची भाषा बोलायच्या तोच खेळ, फरक इतकाच की इथे खेळातले शब्द टिकले आणि काही शब्दकोशातही गेले. 1980 नंतर पॅरिसच्या उपनगरांतल्या पोरांनी आणि हिपहॉपने ते सगळ्या देशात पोचवले. म्हणून त्या शब्दांना वयाचा आणि वस्तीचा वास आहे. विशीतल्या मुलाने ‘सिमेर’ म्हटलं (मेर्सी उलटा करून) तर ठीक, पन्नाशीतल्या बाईंनी म्हटलं तर त्यांची मुलं लाजेने मान खाली घालतील. उलट ‘शुएत’ हा छान या अर्थाचा शब्द तू वापरलास तर कोणाला तरी आपल्या मावशीची आठवण होईल.

बोली शब्द वापरताना परक्या माणसाची खरी पंचाईत होते ती ही. मावशीचा शब्द कोणता, पोराटोराचा कोणता, हे जन्मापासून ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. आपल्याला यादीत सगळे एकसारखेच दिसतात. मग एका वाक्यात तीन पिढ्यांचे शब्द येतात. त्यातून आपला उच्चार परदेशी असला की बोली शब्द दुप्पट ठसठशीत ऐकू येतो. तोच शब्द ल्योंच्या मुलाच्या तोंडी विरघळून जातो आणि तुझ्या तोंडी वर तरंगतो. माझा सल्ला असा की बोली शब्द समजून घ्यायचे शंभर, वापरायचे दहा. समजणं मात्र शंभर टक्के हवं, नाहीतर टेबलावरचा अर्धा विनोद हुकेल.

(जाता जाता एक. फ्रेंच बोलीत डॉक्टरला तुबिब म्हणतात. तो अरबी तबीब, उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच सैन्यामार्फत फ्रेंचमध्ये आला. आपल्या जुन्या मराठीतला तबीबही तोच. आणि मुलं उठता बसता ‘ज किफ’ म्हणतात ना, मला जाम आवडतं अशा अर्थी? त्याच्या मुळाशी अरबी कैफ. आपला कैफही तिथलाच. तेव्हा काही बोली शब्द तुला घरचेच निघतील.)

वापरायचे दहा कोणते? पहिली पसंती तोडून आखूड केलेल्या शब्दांना दे, ते कोणालाच खुपत नाहीत: रेस्तो, आपार्त, ऑर्दी म्हणजे कॉम्प्युटर, दिस्पो म्हणजे मोकळा, सँपा म्हणजे भला माणूस किंवा छान गोष्ट, आपेरो म्हणजे जेवणाआधीचं पेय. मग ऑफिसातली चलनी नाणी: ‘सा मार्श’, ठरलं, ‘पा द सुसी’, काही अडचण नाही, ‘निकेल’, एकदम झकास. सहकाऱ्याने फाइल पाठवली, तू ‘निकेल, मेर्सी’ लिहिलंस की झालास तू त्यांच्यातला. सहकाऱ्याला, बाईंना नव्हे.

आणि सगळ्यात जास्त फायदा करून देतील ते भरीचे शब्द, ज्यांच्याकडे क्लासात कोणी बघतही नाही. ‘द्यू कू’ म्हणजे ‘मग’. ‘आँ फेत’ म्हणजे ‘म्हणजे काय, की’. ‘बँ’ म्हणजे आपलं ‘अं’ किंवा ‘बरं’. वाक्याच्या शेवटी ‘क्वा’. ‘द्यू कू’चा इतका सुळसुळाट झालाय की फ्रेंच अकादमीनेही नाक मुरडलंय, आणि ही अकादमी 1635पासून भाषेची राखण करतेय, तिला काय आवडतं ते लोकांनी विचारायचं केव्हाच सोडलं. विचार करायला वेळ हवा असला की आपण इंग्रजी सवयीने ‘अम्म’ करतो. त्याऐवजी ‘बँ, आँ फेत...’ म्हण. पुढचं वाक्य कितीही पुस्तकी असू दे, समोरच्याला वाटेल हा इथलाच.

शिव्या नकोत. तुलूज किंवा मार्सेयला गेलास तर ‘प्युतँ’ हा शब्द स्वल्पविरामासारखा ऐकू येईल, आणि ऑफिसातही ‘से शियाँ’, कटकट आहे, असं लोक सहज बोलून जातात. तो शब्द कुठल्या क्रियेवरून आलाय ते शब्दकोशात बघ म्हणजे वरिष्ठांसमोर जीभ आपोआप आवरेल. चिडलास तर ‘मँस’ किंवा ‘ज़्यूत’ म्हण, ते ‘अरेच्चा’च्या पातळीचे. कटकट सांगायची तर ‘से पेनीब्ल’. आणखी एक सापळा: बेज़े हे नाम चुंबन या साध्या अर्थाने चालतं, पण क्रियापद म्हणून वापरलंस तर अर्थ थेट शेजघरात जातो. मुका घेणं याला क्रियापद आँब्रासे. हे क्लासात लाजून सांगत नाहीत आणि मग पोरं तोंडघशी पडतात.

आता तो ईमेल. तुझी दोन वाक्यं पुन्हा वाच. पहिल्याच दोन शब्दांत भांडण आहे: ‘साल्यू’ मित्राला आणि ‘मादाम’ मोठ्या बाईंना. माझा कयास असा की बाईंना ‘बुलो’ने काही झालं नसेल, या जोडीने झालं असेल. त्यातून ‘शलू’. तो शब्द वेर्लाँमधला म्हणून वाईट आहे असं समजू नकोस, त्याने काही सांगितलंच नाही हा त्याचा मोठा दोष. फाइलमध्ये काय विचित्र होतं? तारखा जुळत नव्हत्या? बेरीज चुकली होती? बोली शब्दांचा हा गुण आहे की ते भावना पटकन सांगतात आणि तपशील गिळतात. ऑफिसला तपशील हवा असतो.

असा लिही: ‘बोंजूर मादाम, ज व्हूज़ाँव्हवा ल फिशिए कोरिजे. जे रमार्के क्येल्क अँकोएराँस दाँ ले दात. ब्यँ कोर्दियालमाँ,’ आणि खाली नाव. नमस्कार मॅडम, दुरुस्त केलेली फाइल पाठवत आहे, तारखांमध्ये काही विसंगती आढळल्या. यात एकही नटवा शब्द नाही. सगळी कुराँ आहे, फक्त पूर्ण वाक्यांत. ऑफिसच्या ईमेलमधली औपचारिकता एवढीच असते.

तू उलटं टोक गाठशील म्हणून आधीच सांगते. क्लासात पाठ केलेलं ते लांबलचक ‘ज व्हू प्री दाग्रेए, मादाम, लेक्स्प्रेस्यों द मे साल्युतास्यों दिस्तँगे’ ईमेलखाली चिकटवू नकोस. आपल्या ‘आपला आज्ञाधारक’च्या घराण्यातलं आहे ते. नोकरीच्या अर्जाला, प्रेफेक्त्युरला, घरमालकाला नोटीस देताना ते लागतं, आणि तेव्हा पत्राच्या सुरुवातीला जसं संबोधन लिहिलंस तेच शेवटच्या वाक्यात यायला हवं. वर ‘मादाम’ असेल तर खालीही ‘मादाम’. रोजच्या ईमेलला ‘कोर्दियालमाँ’ किंवा ‘ब्यँ कोर्दियालमाँ’.

शंका आली तर दोन ठिकाणी विचार. एक, शब्दकोश. पती रोबेरसारख्या फ्रेंच-फ्रेंच कोशात शब्दापुढे ‘फाम.’ अशी खूण असते, म्हणजे फामिलिए, किंवा ‘व्युल्ग.’, किंवा साहित्यिक वापराची खूण. फोनवरच्या भाषांतर ॲपवर विसंबू नकोस, या खुणा तिथे बऱ्याचदा नसतात. पण कोशापेक्षा भारी म्हणजे तोच तुझा हसणारा सहकारी. त्याला विचार, ‘सा स दी?’, असं म्हणतात का? आणि लगेच पुढचं: ‘मादामला म्हटलं तर चालेल?’ फ्रेंच माणसाला स्वतःच्या भाषेवर बोलायला द्या, जेवणाची सुट्टी पुरत नाही. टेबलावर दोन मतं होतील, भांडण होईल, आणि तुला फुकटात शिकवणी मिळेल. तसंही ‘पुस्तकासारखं बोलतोस’ यात चिडवणं असलं तरी थोडं कौतुकही असतं. तू ते फक्त चिडवणंच ऐकलंस.

याच विषयावर इतर वाचकांचीही पत्रं येतात, म्हणून दोन गोष्टी त्यांच्यासाठी. जे अजून पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात बसून बी-टूची तयारी करतायत, त्यांनी हा ‘न’ गाळायचा सल्ला लेखी पेपरला लावू नये. तिथे किमान 250 शब्दांचं लेखन करायचं असतं, बहुधा औपचारिक पत्र किंवा मत मांडणारा लेख, आणि योग्य पातळीची भाषा वापरली का हे परीक्षक पाहतात. तिथे ‘न’ हवा, ‘नू’ हवा, ‘सला’ही हवा. आणि जे माँत्रेयालला, म्हणजे कॅनडातल्या मॉन्ट्रियलला, निघालेत त्यांनी फ्रान्समधल्या बोलीची यादी विमानातच टाकून द्यावी. तिथे गाडीला शार म्हणतात, प्रेयसीला ब्लाँद, ‘त्यू’वर लोक फार लवकर येतात, आणि फ्रान्समध्ये पोरांना लाडाने म्हणतात तो ‘गॉस’ शब्द तिथे पुरुषाच्या भलत्याच अवयवाला लावतात. कोणाला ‘तुमचे गॉस कसे आहेत’ विचारू नका.

ताजा कलमात तू विचारलंयस की शुक्रवारी ऑफिसातल्या एका बाईंचा ‘पो द देपार’, निरोपाचा छोटा कार्यक्रम आहे, सगळे एका कार्डावर सह्या करणार आहेत, आणि तू त्यांना फारसा ओळखत नाहीस. मग ‘बॉन काँतिन्युआस्यों’ लिही, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. हे ‘त्यू’वरच्यालाही चालतं आणि ‘व्हू’वरच्यालाही, कारण त्यात सर्वनामच नाही. त्यांनी तुला एकदा प्रिंटर दाखवला होता म्हणतोस, तर खाली ‘मेर्सी पूर लँप्रिमाँत’, प्रिंटरबद्दल आभार, असं लिही नि सही कर. लोक हसतील, पण या वेळी तुझ्यासोबत.

– तुझी ताई